त्या घरात मांजर नव्हतं

"डोकं अजून खाली घ्या," मी म्हणालो.

काकींनी मान खाली घातली. त्या फरशीवर बसल्या होत्या. उजव्या हातात पेटतं निरांजन, डावा तळवा जमिनीला टेकलेला, आणि अशा त्या बसल्याबसल्या देवघराकडे सरकत होत्या. मी भिंतीला पाठ लावून वरच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या डबीकडे बघत होतो. डबीतला लाल दिवा लागला तर सरकणारा प्राणी माणूस, नाही लागला तर मांजर. आमच्या कंपनीच्या लेखी जगात एवढ्या दोनच जाती होत्या.

माजघराच्या मध्यावर लाल दिवा लागला.

"मेले," काकी म्हणाल्या.

"मेला नाहीत. नुसत्या पकडल्या गेलात."

"मग परत जाते."

आणि साठी ओलांडलेली ती बाई उठली, पदर खोचला, मागच्या दारापाशी जाऊन पुन्हा बसली. जमीन सारवायचे दिवस होते तेव्हा अख्खं घर असंच बसून सरकत पालथं घातलंय, म्हणाल्या, तेव्हा हातात शेणाचा बोळा असायचा, आता निरांजन आहे, म्हणजे काम हलकंच झालं. मी स्टुलावर चढलो आणि डबीच्या भिंगावर चिकटवलेली पट्टी आणखी एक बोट वर सरकवली.

दुसऱ्या खेपेला दिवा लागला नाही.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी चोवीस वर्षांचा होतो आणि घरांना चोरघंटा बसवणाऱ्या एका कंपनीच्या रत्नागिरी शाखेत फील्ड इंजिनिअर होतो. शाखा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, आणि इंजिनिअर म्हणजे डिप्लोमाचे दोन विषय राहिलेला मी. गळ्यात ओळखपत्र असायचं, दिगंबर गुरव. त्या फोटोत मी हुबेहूब चोर दिसायचो, त्यामुळे गिऱ्हाइकाला आमच्या सेवेची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नसे.

हे घर आंबेखोल नावाच्या वाडीतलं होतं, एसटीनं दोन तासांवर. मालक रमाकांत शिरधनकर. राहायला डोंबिवलीला. घर वर्षातले दहा महिने बंद. साहेब स्वभावानं इतके मऊ की फोनवर बोलताना आपणच त्यांचं काहीतरी घेणं लागतो असं वाटावं. त्यांना साधी घंटा नको होती. घरातली हालचाल पुण्याच्या कंट्रोल रूमला कळायला हवी होती, आणि वाडीतली टेलिफोनची तार आठवड्यातून चार दिवस मेलेली असायची, म्हणून यंत्रात मोबाइलचं सिमही हवं होतं. तार तुटली तरी निरोप सिमवरून जाणारच. एकसुद्धा दिवस खंड पडता कामा नये, असं साहेबांनी तीनदा सांगितलं. चोरीला इतका नियमितपणे घाबरणारा माणूस मी पाहिला नव्हता.

फॉर्मवर तीन नावं लागायची. घंटा वाजली की त्या क्रमानं फोन. साहेबांनी पहिलं स्वतःचं दिलं, दुसरं मिसेसचं. तिसरं माणूस घराजवळ राहणारं हवं, असा नियम. घरामागं दहा पावलांवर त्यांच्या थोरल्या वहिनी राहत होत्या, म्हणून मी त्यांचं नाव लिहायला घेतलं. साहेब म्हणाले, "वहिनींना कशाला त्रास, तुमचाच नंबर टाका." म्हणजे चोर शिरला तर त्यानं मी एसटीनं येईपर्यंत दोन तास बसून राहायचं होतं. कंपनीनं फॉर्म मंजूर केला.

त्या थोरल्या वहिनी म्हणजे या इंदुमती काकी. यंत्र बसवायला गेलो त्या दिवशी मला घर त्यांनीच उघडून दिलं. मागच्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. सिमला रेंज मिळेना, तेव्हा मी पॅनेलसमोर बसलो आणि काकी अँटेना हातात उंच धरून घरभर फिरल्या. ओटी, माजघर, जिना, सगळीकडे शून्य. देवघरात शिरल्या आणि चार काड्या उभ्या राहिल्या.

"देवाजवळ येते," त्या म्हणाल्या. जणू त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, मीच उगाच त्यांना फिरवलं.

अँटेना देव्हाऱ्याच्या वर ठोकली. खिळा त्यांनीच आणून दिला.

त्यांनी मला घावनं खायला घातली आणि आडनाव विचारलं. गुरव म्हटल्यावर चेहरा खुलला. म्हणाल्या, म्हणजे देवळातल्या दिवाबत्तीचं घर तुमचं. मी म्हटलं, ते वडील करतात, मी बॅटरीवर चालणारे दिवे बघतो. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. याच जागेवर शिरधनकरांचं जुनं घर होतं. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं ते पाडून हे नवं बांधलं, आतली एक खोली तुमची म्हणाला, आणि खोली होईपर्यंत तात्पुरतं म्हणून गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं. तात्पुरत्याला सात वर्षं झाली होती. देव मात्र जुन्या घरातले होते, त्यांना दिवा लावायचा तो सासूनं काकींच्या हाती दिलेला. तालुक्याच्या मुळ्ये वकिलांनी त्यांना एक गोष्ट पक्की बजावली होती: घर दोघा भावांचं आहे, तुमचं जाणं-येणं आहे, ते मोडू नका.

"एक संध्याकाळ चुकली की म्हणतील, हिचा घराशी संबंध नाही," काकी म्हणाल्या. "पडवीतूनही काढतील मग. म्हणून ताप असला तरी जाते."

मी मान डोलावली आणि पाचवं घावन घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी नेहमीसारख्या आत गेल्या. साहेबांनी डोंबिवलीहून यंत्र चालू करून ठेवलं होतं. आमच्या यंत्राला बोलायचीही सोय होती. देव्हाऱ्याच्या दिशेनं कंट्रोल रूममधल्या एका मुलीचा आवाज आला, "आपण कोण आहात? कृपया पासवर्ड सांगा."

काकींनी हातातलं निरांजन खाली ठेवलं, हात जोडले आणि सांगितलं. आपलं नाव, माहेरचं गाव, कुलदैवत, दिवा घेऊन आले हेही. आवाजानं पुन्हा पासवर्ड विचारला. आता राहिलं होतं एकच, नवऱ्याचं नाव. ते काकींनी जन्मात कधी सरळ उच्चारलं नव्हतं, म्हणून उखाण्यात घेतलं. पुण्याच्या नोंदवहीत त्या संध्याकाळची नोंद अशी आहे: अनोळखी स्त्री, हातात आग, पासवर्ड चुकीचा. मग सायरन वाजला. तो अर्ध्या वाडीनं ऐकला. तेल सांडलं, काकी घसरल्या, मनगट सुजलं.

कंट्रोल रूमनं साहेबांना फोन केला, साहेबांनी मला. मी म्हटलं, सोपं आहे, काकींना चार आकड्यांचा कोड देऊ, आत गेल्या की दाबतील, घंटा वाजणार नाही. कोण किती वाजता आलं त्याची नोंदही त्यांच्या नावानं राहील.

"कोड नको," साहेब म्हणाले. "त्यांचं वय झालं, आकडे विसरतील. तुम्ही असं करा, त्यांचं येणं-जाणं मशीनला कळूच नये अशी व्यवस्था करा. बाई घाबरली हो त्या दिवशी. मला फार वाईट वाटलं."

मलाही त्यांचं वाईट वाटणं फार आवडलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "तुमच्या रिपोर्टात काय ते तुमच्या नियमात बसेल असं लिहा. मांजर वगैरे."

मांजर आमच्या नियमात बसत होतं. ज्या घरात मांजर असतं तिथं सेन्सरच्या भिंगाचा खालचा भाग पट्टीनं झाकायचा, म्हणजे जमिनीलगतची हालचाल त्याला दिसत नाही. पट्टी खोक्यातच येते. मागच्या दाराचं काम त्याहून सोपं. दाराच्या चौकटीवर एक डबी, दारावर एक चुंबक, चुंबक दूर गेलं की दार उघडलं असं यंत्र समजतं. मी चौकटीवरच्या डबीलाच दुसरं चुंबक चिकटवून टाकलं. आता दार सताड उघडं असलं तरी यंत्राच्या मते ते बंद होतं. सेन्सर काढता येत नव्हता, कारण नकाशावर तो होता आणि पुण्याला फोटो जायचा. रिपोर्टात लिहिलं, पाळीव मांजरासाठी पट्टी लावली.

तर अशी ती सरकण्याची तालीम. दुसऱ्या खेपेला दिवा लागला नाही, तेव्हा काकी देवघराच्या उंबऱ्यावरून मागं वळून हसल्या. मीही हसलो. दोघांनी मिळून कुणाला तरी फसवल्याचा आनंद होता. नक्की कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

जायच्या आधी एक काम उरलं होतं. आपण जिवंत आहोत असा एक निरोप यंत्र रोज कंट्रोल रूमला पाठवतं, त्याची वेळ ठरवायची होती. काकींना विचारलं, तुमचा दिवा कितीला?

"सातला."

मी सात टाकले. तेवढीच गंमत.

"काय सांगतं ते रोज?" काकींनी विचारलं.

"सर्व ठीक, आत हालचाल नाही."

"बरं आहे. म्हणजे दोघं एकदमच सांगू."

पुढचे सहा महिने तो निरोप माझ्याही फोनवर यायचा, कारण तिसरं नाव माझं होतं. सात वाजले की खिशात गुरगुर व्हायची. मी कुठंही असलो, चहाच्या टपरीवर, मित्राच्या साखरपुड्यात, की मला कळायचं, आंबेखोलला काकी आता देव्हाऱ्यासमोर पोचल्या, खाली बसूनच. मित्रांना मी सांगायचो, माझ्या ओळखीची एक बाई आहे, ती रोज सातला मांजर होते. ते हसायचे. त्या दिवसांत मी फार विनोदी होतो.

जूनमध्ये कोर्टाचं बोलावणं आलं.

रमाकांत शिरधनकर यांनी वहिनींविरुद्ध मनाई मागितली होती. म्हणणं एवढंच, की घर पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे, या बाई कधीही आत पाऊल टाकत नाहीत, आता मात्र घुसायची भीती आहे. काकींचं म्हणणं, मी रोज जाते. वाडीतलं कुणी साक्षीला आलं नाही. आमचं दोघांशीही चांगलं आहे, असं सगळ्यांनी स्वतंत्रपणे सांगितलं. मग साहेबांच्या वकिलांनी कागद दाखल केले. एकशे त्र्याऐंशी दिवसांचे निरोप, एकाही दिवसाचा खंड नाही. सर्व ठीक. आत हालचाल नाही. वेळ संध्याकाळचे सात.

मी ते कागद कोर्टाच्या व्हरांड्यात प्रथम पाहिले, आणि साहेबांना फार वाईट का वाटलं होतं ते मला उभ्याउभ्या कळलं. साहेब समोरच बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी नमस्कार केला. मऊच.

माझ्याबरोबर शाखेचे मॅनेजर सबनीस आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. चुंबक, पट्टी, सगळं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं याला पुरावा आहे का? नव्हता. रिपोर्टावर सही कुणाची आहे? माझी होती. तुला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आहे, ते म्हणाले, आणि तू कोर्टात सांगणार की मी स्वतःच्या हातानं यंत्राला भोक पाडलं. मग आपण दरवाजे विकूया, घंटा कशाला? ते रागावले नव्हते. जेवणाची वेळ झाली होती म्हणून थोडे घाईत होते.

साहेबांच्या वकिलांनी मला नाव, हुद्दा विचारला आणि कागद आमच्याच यंत्राचे आहेत ना, हे. आहेत, मी म्हटलं. झालं. ते बसले.

मग मुळ्ये वकील उठले. त्यांच्या कोटाची एक बाही उसवलेली होती. त्यांच्या मागं बाकाच्या टोकाला काकी होत्या, नेसून आलेलं लुगडं ठेवणीतलं. मला बघून त्यांनी मान हलवली, परीक्षेला बसलेल्या मुलाला घरचं माणूस खिडकीतून हलवतं तशी. मुळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं असणार, गुरवांचा पोरगा आहे, तो सांगेल. त्याशिवाय इतका सरळ प्रश्न कुठलाच वकील विचारत नाही.

"एखादं माणूस मागच्या दारानं आत शिरलं, देवघरापर्यंत गेलं आणि परत आलं. तुमच्या यंत्राला न कळता असं होऊ शकतं?"

काकी हसतच होत्या.

"नाही," मी म्हणालो.

मुळ्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला. मी पुन्हा तेच म्हणालो. मग त्यांनी कागद चाळले आणि पट्टीचा रिपोर्ट काढला. जमिनीलगतचं सेन्सरला दिसत नाही असं इथं तुम्हीच लिहिलंय, ते म्हणाले.

"ते मांजरासाठी, साहेब."

"म्हणजे मांजर जाऊ शकतं. माणूस जाऊ शकत नाही?"

"माणूस मांजराएवढं नसतं."

कोर्ट हसलं. शिरस्तेदार हसले, साहेबांचे वकील हसले, दाराशी उभा असलेला पोलीसही हसला. माझ्या कुठल्याही विनोदावर एवढी माणसं एकदम हसली नव्हती.

काकी बाकावरून उठल्या. मुळ्ये "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्या पुढं आल्या, कोर्टाच्या फरशीवर बसल्या, डावा तळवा टेकला, उजवा हात निरांजन धरल्यासारखा वर धरला, मान खाली घातली आणि न्यायाधीशांच्या दिशेनं सरकायला लागल्या.

"अशी जाते मी, साहेब," त्या खाली बघतच म्हणाल्या. "यानंच शिकवलंय."

आता कुणी हसत नव्हतं. ठेवणीतलं लुगडं फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी बाईंना उठायला सांगितलं, दोनदा, आदरानं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "असं सरकत गेलं तर?"

लाल दिवा एकदा लागला होता. माजघराच्या मध्यावर, पहिल्या खेपेला, पट्टी एक बोट खाली होती तेव्हा. मी त्या खेपेचं सांगितलं.

"यंत्राला कळतं, साहेब."

मुळ्यांनी काकींना हाताला धरून उठवलं. मी पिंजऱ्यातून उतरलो. व्हरांड्यात सबनीस सरांनी पाठीवर थोपटलं आणि जेवायला कुठं जायचं ते विचारलं. जिन्यापाशी काकी उभ्या होत्या. मी त्यांना टाळून जाणार होतो, पण जिना एकच होता.

त्या चिडलेल्या नव्हत्या. खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं.

"यंत्राला नाही दिसले रे मी. तुला दिसत होते ना?"

मी जिना उतरलो.

मनाई मिळाली, अंतिम निकाल लागेपर्यंत. अंतिम निकाल अजून लागायचा आहे. मला कायम केल्याचं पत्र पुढच्या महिन्यात मिळालं, आणि त्यानंतर आठ महिन्यांनी कंपनीनं रत्नागिरीची शाखाच बंद केली. कायम असण्याचा माझा एकूण अनुभव एवढाच.

शाखा बंद व्हायच्या आधी मी आंबेखोलला एकदा गेलो होतो. साहेबांचा फोन आला होता. देव अंधारात राहतात हे बरं दिसत नाही, म्हणाले, तर देव्हाऱ्यात एक विजेचा दिवा बसवा, वेळेवर आपोआप लागेल असा. पडवीला कुलूप होतं. काकींना भाचा माहेरी घेऊन गेला, असं शेजारच्या घरातून कळलं. किल्ली या खेपेला डोंबिवलीहून कुरियरनं आली होती.

दिवा बसवला. वेळ विचारायला कुणी नव्हतं, मी सातच टाकली. मग हत्यारं आवरली, मागच्या दारापाशी गेलो आणि कुणी बघत नाही ना ते बघून फरशीवर बसलो. डावा तळवा टेकला. मान खाली घातली. माजघराचा मध्य येईपर्यंत गुडघ्यांतून कळा यायला लागल्या, पंचविसाव्या वर्षी. सेन्सरकडे बघत बघत मी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत सरकत गेलो.

लाल दिवा लागला नाही.

आता माझं स्वतःचं दुकान आहे, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर वगैरे. फोन चारदा बदलला, नंबर तोच ठेवला. आंबेखोलच्या त्या फॉर्मवरचं तिसरं नाव काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि साहेब सिमचा रिचार्ज कधी चुकवत नाहीत. परवा मुलीच्या बारशात पाहुणे जेवत होते, खिशात गुरगुर झाली. बायको म्हणाली, "कुणाचा मेसेज एवढा महत्त्वाचा?"

मी तिला फोन दाखवला. सर्व ठीक. आत हालचाल नाही.